वाट मोकळी आहे

गौतम, आज शनिवार. तुला जाऊन आठवडा झाला. उद्या सकाळी दहा वाजता रेणापुरात तुझ्या घरासमोरच्या मांडवात माणसं बसतील. तुझ्या राहुलने छापून आणलेली पत्रिका माझ्यासमोर आहे, 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. तुमच्या रीतीत हाच शब्द आहे आणि मला तो नवा नाही. अशा कितीतरी कार्यक्रमांना तुझ्या शेजारी बसून मी जेवलोय. पण नदीने नेलेल्या माणसाच्या नावावर जलदान हा शब्द वाचला की पुढचं काही वाचवत नाही.

शकुंतला वहिनींनी मला चार शब्द बोलायला सांगितलंय. सगळा जन्म वर्गात बडबड करण्यात गेलेला मास्तर मी, मला चार शब्दांचं काय भय वाटावं? पण वाटतंय. म्हणून लिहून काढतो आणि उद्या हेच वाचतो. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं राहुल सांगेल. माझ्याकडे दुसरंच आहे. ते लोकांना सांगायला बसलो तर शब्द तिरपे जायला लागले, म्हणून तुलाच सांगतो. तू ऐकून घेणारा होतास. उलट बोलायचा नाहीस हा तुझा मोठा दोष होता, आणि त्याच्यावरही मी येणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मी लातूरच्या घरात स्वतःला कोंडून घेतलं होतं ते आठवतं ना? डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. लोखंडी पट्ट्यांच्या बुटावर नोकरी निभावली, पण निवृत्त झालो आणि उजवा गुडघाही रुसला. दिवसभर खुर्ची आणि मोबाइल. कुणीतरी कोकणातल्या समुद्रकाठच्या पायवाटेचा व्हिडिओ पाठवला होता. सपाट वाट, बाजूला कठडा, बसायला बाक, आणि एक म्हातारी चाकाच्या खुर्चीत बसून लाटा बघतेय. मी तो तुला दाखवला आणि रडगाणं लावलं, "त्यांना देवानं समुद्र दिला. आपल्याला काय? ढेकळं." तू व्हिडिओ दोनदा पाहिलास आणि म्हणालास, "समुद्र न्हाई तर न्हाई. तलाव हाय की. सकाळी येतो, तयार राहा."

दुसऱ्या दिवशी स्कूटीवर मागे बसवून तू मला रेणापूरच्या तलावाच्या भिंतीवर नेलंस. पाटबंधारे खात्यात तुझी हयात गेलेली, त्यामुळे तिथला चौकीदारही तुझाच चेला. वर सपाट, मुरमाड, रुंद वाट. पाण्यावरून वारा येत होता. दर शंभर-सव्वाशे पावलांवर बसता येईल असा एकेक मोठा दगड होता आणि मी म्हणालो, काय योग आहे बघ, जिथे दमायला होतं तिथेच दगड. तू मान हलवलीस. ते दगड आदल्या संध्याकाळी तू लोटत आणून ठेवले होतेस, हे मला चौकीदाराने दीड वर्षाने सांगितलं. त्या दिवशी मी पाऊण तास चाललो. घरी येऊन बायकोला म्हटलं, पाय दुखतोय, आणि बऱ्याच वर्षांनी ते आनंदाने म्हटलं.

तिथून आपल्या 'सोप्या वाटा' सुरू झाल्या. तू शोधायच्या, मी चालून बघायच्या, मग ग्रुपवर टाकायच्या आणि रविवारी लोकांना घेऊन जायचं. गुडघेवाले, दम्यावाले, पोट सुटलेले, चाकाच्या खुर्चीवरच्या नांदेडच्या निर्मलाताई, असा आपला लवाजमा. चढ नको, पायऱ्या नकोत, सावली हवी, बायकांना आडोसा हवा, एसटीचा थांबा जवळ हवा. तुझ्या वहीतल्या नोंदी माझ्याकडे आहेत. नांदेडच्या गोदावरीच्या घाटाबद्दल लिहिलंयस, "पायऱ्या टाळून उताराने जावे. खुर्ची जाते. माकडं नाहीत, फोटो काढणारे आहेत." मुरुडच्या शेतवाटेबद्दल, "सोपी. मात्र मंडळी भजी खाल्ल्याशिवाय परत येत नाहीत." देगलूरकडे ती चहावाली बाई माझा बूट बघून "नेम्मदिगा, सार, नेम्मदिगा" म्हणाली होती, सावकाश म्हणून. पुढे महिनाभर तू मला तेवढंच म्हणत होतास, जेवतानासुद्धा.

वाट सोपी की अवघड हे ठरवायचं तुझं माप एकच होतं. चारचौघांत सांगायचास, "बालाजीचा पाय जिथं जातो तिथं कुणीबी जातंय." मी चिडायचो. पण खरं सांगतो, छाती फुगायची. जन्मभर जो पाय लपवला तो तू मोजपट्टी करून टाकलास.

आता नदीकाठच्या वाटेवर येतो. टाळून कुठे जाणार?

ती वाट तुला पहिल्यापासून आवडत नव्हती. मला मात्र सगळ्यात तीच आवडायची. रस्त्यापासून दहा पावलांवर मोठा लिंब, लिंबापासून नदीच्या कडेकडेने सपाट काळी वाट, एका बाजूला व्यंकटरावचा ऊस, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, आणि शेवटी त्याच्या पाण्याच्या मोटारीची खोली. निर्मलाताईंची खुर्ची तिच्यावरून लोण्यासारखी जायची. त्या नेहमी नदीच्या बाजूला लावायला सांगायच्या, पाणी दिसावं म्हणून. एकदा आपण सगळे लिंबाखाली चहा पीत होतो आणि खालून कुठून तरी 'धप्प' असा आवाज आला. जड, ओला. मी म्हटलं, मोठा मासा असेल. सगळे हसले. तू कप खाली ठेवलास आणि नदीकडे बघत राहिलास. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. त्या दिवशी तू लोकांना उसाच्या बाजूने चालायला लावलंस. कारण विचारलं तर म्हणालास, "सावली हाय तिकडं." सावली नव्हती. मी पाहिलं होतं, पण बोललो नाही.

व्यंकटरावचं आणि माझं कधी जमलं नाही. तुझं जमलं होतं. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत त्याने लिंबापाशी बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या. आपल्याकडे वाटेवर काट्या पडल्या म्हणजे कुणाचं तरी कुणाशी तरी बिनसलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तणतणत गेलो. तो म्हणाला, "सर, रोज रोज कोणकोण येऊन राहिलं शेतातून, म्हाईत बी न्हाई आमाला." त्या 'कोणकोण'चा मी अर्थ लावला. मला वाटलं, तो तुझ्याबद्दल बोलतोय, तुझ्या वस्तीबद्दल. मी त्याला नाही नाही ते बोललो. तू मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर बसून चहा पिऊन आलास आणि त्याने काट्या काढल्या. मला म्हणालास, "नवं बियाणं टाकलं होतं त्यानं. पोरं तुडवीत होती. एवढंच." मी म्हटलं, तू भोळा आहेस. ते भांडण आपलं अर्धवटच राहिलं. तू भोळा नव्हतास, एवढं तरी आता लिहून देतो.

आणि इथे एक जुनी गोष्ट सांगतो, जी आपण कधी काढली नाही. लातूरच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी आपण एका खोलीत होतो. तुझ्या आईचा डबा गावाहून यायचा. तू दर वेळी उघडून माझ्यासमोर सरकवायचास आणि मी दर वेळी पोट बिघडल्याचं सांगायचो. वर्षभर कुणाचं पोट बिघडलेलं असतं? दुसऱ्या वर्षी तू डबा सरकवणं बंद केलंस आणि एके दिवशी मीच हात घातला. तू नुसती चटणी पुढे केलीस. पन्नास वर्षांची दोस्ती आपली, पण त्या पहिल्या वर्षाची माफी मी मागितली नाही. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही, असं चाललं. व्यंकटरावच्या बोलण्यात मी जे ऐकलं ते त्याच्या तोंडात होतं का माझ्याच पोटात होतं, हा प्रश्न मला या आठवड्यात झोपू देत नाही.

यंदा पावसाने कहर केला. नदी उसात शिरली, चार दिवस लिंबाच्या बुंध्याला पाणी होतं, मग झपाट्याने उतरली. नांदेडच्या मंडळींनी धोशा लावला होता, नदीकाठची वाट ठेवा. मी पुढच्या रविवारची तारीख दिली. तीस जणांनी नावं दिली. त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी तुझा फोन आला.

"बालाजी, ती वाट नको ह्या खेपेला."

"का? पाणी उतरलं ना?"

"उतरलं म्हणूनच. पाणी चढताना कड पडत न्हाई, उतरताना पडते. काळी माती फुगून बसलीय. मला बरं वाटून नाही राहिलं तिचं."

"तू बघून आलास?"

"पुलावरून बघितलं. कडंखाली सावली दिसली मला. तिथं सावली नसती."

सावली म्हणे! मी वैतागलो. तीस माणसं, दोन गाड्या ठरलेल्या, नाश्ता सांगितलेला. मी म्हणालो, "गौतम, तीस वर्षं नदीकाठच्या पट्टीवर पाणी मोजलंस, आता रिटायर झालास. मोजायचं सोड." मग तुझं ते नेहमीचं "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. आपलं हे शेवटचं बोलणं. पन्नास वर्षांत तुझ्या त्या 'बरं'चे मी किती अर्थ शिकलो होतो. त्या दिवशीचा मला 'ठीक आहे' असा ऐकू आला, कारण मला तोच सोयीचा होता.

मंगळवारी तू लिंबापाशी वाटेवर काट्या टाकल्यास. मला सांगितलं नाहीस. तुला वाटलं असेल, मास्तरशी वाद घालण्यापेक्षा काट्या बोलतील.

गुरुवारी मी रिक्षा करून वाट तपासायला गेलो. रविवारच्या आधी एकदा जायचंच हा तूच घालून दिलेला नियम. लिंबापाशी पोचलो तर बाभळीच्या फांद्या आडव्या, चांगल्या छातीएवढ्या. आणि मला काय दिसलं असेल? धोका दिसला नाही. तुझा फोन आठवला नाही. मला व्यंकटराव दिसला. म्हटलं, आला परत जातीवर. माझ्या दोस्ताला अडवतो काय! रिक्षावाला म्हणाला, "सर, राहू द्या, कुणाचं भांडण असंल." त्यानेही भांडणच वाचलं. मी काठीच्या मुठीने एकेक फांदी ओढली आणि व्यंकटरावच्या उसात भिरकावली. तळहातात दोन काटे मोडले. ते दुखणं मला त्या वेळी गोड लागलं. तुझ्यासाठी लढल्यासारखं वाटलं, गौतम. वीस-पंचवीस पावलं आत चाललो सुद्धा. पायाखाली वाट मऊ लागली, जरा हलल्यासारखी. पावसाने असेल म्हणून मागे फिरलो. मग लिंबापाशी उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "वाट मोकळी आहे. रविवारी सकाळी साडेसहा. नाश्त्याला उप्पीट."

सत्तावीस जणांनी होकाराचे अंगठे टाकले. तू काही टाकलं नाहीस. वाचलंस मात्र, खुणा निळ्या झाल्या होत्या.

शनिवारी सकाळी तू पुन्हा काट्या टाकायला गेलास.

पुढचं मला व्यंकटरावच्या तोंडून कळलं, आणि तेही त्याने पोलीस पाटलाला सांगितलं, मी मागे उभा होतो. तो मोटार चालू करायला आला होता. तू लिंबापासून बराच आत, नदीच्या बाजूला, कोयत्याने फांदी अडकवत होतास. बहुतेक दोन्ही टोकांनी वाट बंद करत होतास. त्याने तुला हाक मारली, "दादा, च्या पिऊन जा." तू हात वर केलास. "हात वर केला न् मग त्यो नव्हता," असं तो म्हणाला. दोन बैलगाड्या मावतील एवढी कड तुझ्यासकट खाली गेली. आवाज मोठा झाला नाही म्हणे. तोच 'धप्प'. व्यंकटरावने अंगातल्या कपड्यांनिशी उडी घेतली. पासष्टीचा माणूस. अर्ध्या तासाने खालच्या वळणावर झाडोऱ्यात तू सापडलास. त्यानेच तुला बाहेर काढलं आणि आपल्या खांद्यावरच्या टॉवेलने तुझं तोंड पुसलं.

दुपारी मी पुलावर गेलो. तू जिथून पाहिलं होतंस तिथे उभा राहिलो. वरून बघितलं तर उरलेली वाट तशीच, गवत हिरवंगार, कुणीही म्हणेल चला. आणि खाली, तिच्या पोटात, अख्खी खोली कोरलेली. बाभळीची मुळं हवेत लोंबत होती. आत अंधार होता. तू त्याला सावली म्हणालास, कारण तुला भडक बोलायची सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तीस माणसं त्या खोलीच्या छपरावर उभी राहणार होती, निर्मलाताईंची खुर्ची सगळ्यात कडेला. तुझ्यामुळे ती सगळी माणसं घरी राहिली. हे मी कुणाला सांगू? सांगायचं तर आधी काट्या कुणी काढल्या ते सांगावं लागतं.

आणि ते मी सांगितलं नाही.

लोकांनी आपापलं जुळवलं. मंगळवारी काट्या टाकलेल्या राहुलला माहीत होत्या, कोयता घरचाच. मग त्या काढल्या कुणी? फांद्या सापडल्या व्यंकटरावच्या उसात. मोटारीकडे रोज जाणारा तोच. दोन वर्षांपूर्वीचं भांडणही लोकांना आठवलं, आणि ते भांडण माझ्याच तोंडून गावभर झालेलं. राहुल म्हणाला, "त्यानं काट्या काढल्या नसत्या तर बाबा परत गेले नसते." पोरगा बरोबर बोलतो. फक्त माणूस चुकला.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव तुमच्या फाटकाशी आला. खांद्यावर तोच टॉवेल. राहुलने त्याच्याकडे पाहिलं नाही. कुणी या म्हणालं नाही. तो चांगली दहा मिनिटं उभा राहिला, फाटकाची कडी धरून, आणि परत गेला. मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. हातात चहा होता. मी चहाकडे बघत होतो.

तेव्हापासून हवा चांगली नाही, गौतम. रेणापुरात दोन पानटपऱ्यांवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. राहुलचे मित्र चार मोटारसायकली घेऊन व्यंकटरावच्या घरावरून गेले. थांबले नाहीत, बोलले नाहीत. संध्याकाळी पुन्हा गेले. व्यंकटरावच्या सुनेने लेकरांना माहेरी पाठवलं. त्याचे भाऊबंद आता शेतात एकटे जात नाहीत. काल एका माणसाने मला रस्त्यात गाठून विचारलं, "सर, तुमी तर दोघांना बी वळखता. खरं काय हाय?" मी म्हणालो, "काय सांगावं." नदीची कड बाहेरून कशी दिसते ते मला आता कळतं. मीही बाहेरून बरा दिसतोय.

मी रोज तुमच्या घरी गेलो. रोज ठरवून गेलो की आज सांगायचं. पाहुणे असायचे. नाहीतर राहुलचे डोळे लाल असायचे. नाहीतर वहिनी चहा आणायच्या आणि मी तो प्यायचो. कारणांना काय तोटा? एकदा मनात असंही आलं की फांद्या ओढताना मला कुणी बघितलंय, एक रिक्षावाला, आणि त्याला लातुरात कोण विचारणार. हे मनात आलं हे तुला सांगतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि उद्या दोनशे माणसांसमोर सांगणार आहे.

आज सकाळी गेलो तेव्हा घरात वहिनी एकट्याच होत्या. ओट्यावर सूप घेऊन उद्याचे तांदूळ निवडत होत्या. मी बसलोही नाही. उभ्यानेच म्हटलं, "वहिनी, काट्या मी काढल्या. गुरुवारी. मला वाटलं व्यंकटरावनं टाकल्यात."

त्यांचा हात थांबला नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"हाव. म्हाईत हाय मला."

मी काठीवर रेललो. त्या खाली बघूनच बोलत होत्या.

"शुक्रवारी दिवस मावळायला बघून आले ते. चिखलात एका पायाचा ठसा आन् दुसऱ्याची फरपट. आल्या आल्या म्हणले, बालाजी येऊन गेला."

"चिडला का?"

"हसले. म्हणले, मास्तरला काट्या दिसल्या की भांडणच दिसतंय."

"मग मला फोन का नाही केला त्यानं? एक फोन!"

"मी म्हणलं की, करा फोन. तर म्हणले, नगं. फोन केला की रातोरात रिक्षा करून येईल, माझी चूक मीच निस्तरतो म्हणून. त्या कडेवर त्याचा पाय टिकायचा न्हाई. सकाळी मीच टाकून येतो, मग सांगतो त्याला."

मी खाली बसलो, पायरीवरच. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, पण हातात दिला नाही. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर राहुलला का नाही सांगितलं? व्यंकटरावचं काय झालंय ते बघताय ना?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मी कशाला सांगू? तुमचं तोंड तुमच्याजवळ हाय की. रोज येत होता, रोज च्या ठेवत होते. रोज वाटायचं, आज बोलतेल. सात दिस झाले, भाऊजी."

भाऊजी म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला त्या सात कपांची चव एकदम तोंडात आली.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, जसं उद्याच्या स्वयंपाकाचं सांगावं तसं. राहुलने पोलिसांत द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय, तो त्यांनी गादीखाली दडवलाय. सोमवारी तो मागेल आणि मग त्या देतील, कारण पोराला किती दिवस धरून ठेवणार. व्यंकटरावला त्यांनी निरोप धाडलाय, उद्या येच म्हणून. त्याच्यासाठी वंदनेच्या चादरीवर पुढेच जागा धरलीय, राहुलच्या शेजारी. "तुमी बोला," त्या म्हणाल्या, "आन् बोलून झालं की पायाचं निमित्त करून उठू नका. राहुल काय म्हणंल ते म्हणू द्या. त्याचे दोस्त काय म्हणतेल ते म्हणू द्या. व्यंकटराव बी काय म्हणंल. तुमी बसून ऐका."

गौतम, तुझ्यावर मी फार रागावलोय. तू हसलास कशाला? खडसवायचं होतंस मला. अरे, पन्नास वर्षं तू मला सांभाळून घेतलंस आणि मला सांभाळून घेतलं जायची सवय लागली. तुझ्या डब्याला मी नाही म्हणत होतो तेव्हा तू वर्षभर गप्प बसलास, तेव्हा एकदा माझी गचांडी धरली असतीस तर कदाचित गुरुवारी माझा हात थबकला असता. बघ, अजूनही मी तुझ्याच माथी मारतोय. तुझ्यासारखा माणूस मला मिळाला हे माझं भाग्य, आणि मी तुला मिळालो त्याचं काय झालं ते रेणापूरकर बघतायत. त्या वसतिगृहातल्या वर्षाची माफी मागतो. काट्यांची मागत नाही. ती तुझ्याकडे मागून भागणार नाही, ज्यांच्याकडे मागायची ते उद्या समोर असतील.

हे वाचून झालं की राहुल उठेल का, काय बोलेल, मला माहीत नाही. तो तुझ्यासारखा शांत नाही. बाहेर मोटारसायकली उभ्या असतील. व्यंकटराव माझ्याकडे बघेल का, तेही माहीत नाही. बायको म्हणतेय मी बरोबर येते, तिला नको म्हटलंय.

वहिनींनी माझी खुर्ची मधोमध मांडायला सांगितलीय. मी बसणार आहे.